ब्रेक पॅड घरी बदलताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी ब्रेक पॅडवरचीच पत्रं इतकी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. उत्तरं देताना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेली छोटी गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. वॅगन आर, स्विफ्ट, आय टेन या वर्गातली. पान्याची मापं आणि आवळण्याचे आकडे गाडीगणिक बदलतात. आमचा आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी जुळला नाही, तर मॅन्युअल खरं माना.

प्रश्न : माझी २०१६ ची वॅगन आर ५२ हजार किलोमीटर चालली आहे. गाडी चालू असताना पुढच्या डाव्या चाकातून बारीक चीं-चीं येते, ब्रेक दाबला की थांबते. गॅरेजवाले म्हणतात, पॅड संपले. स्टेपनी बदलण्यापलीकडे मी गाडीला हात लावलेला नाही. मला जमेल का? काय लागेल आणि क्रम काय? (सांगली)

उत्तर : गॅरेजवाले बहुधा बरोबर आहेत. पॅडच्या पाठीच्या पत्र्याला पोलादाची एक छोटी जीभ असते. लायनिंग, म्हणजे पॅडवरचा घासला जाणारा थर, दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, टेकते आणि ओरडायला लागते. तिचं कामच ते आहे. नव्या पॅडचं लायनिंग साधारण दहा मिलिमीटर असतं, त्यावरून किती उरलंय याचा अंदाज येईल. मात्र चाकाच्या भोकातून दिसतो तो बाहेरचा पॅड. झिजण्यात पुढे असतो तो बहुतेक वेळा आतला, म्हणून चाक काढल्याशिवाय निदान करू नका.

काम जमेल. पॅड काढून पॅड घालणं सोपं आहे. त्याच्या आजूबाजूचं न बघता चाक परत चढवलं की पुढची दुखणी सुरू होतात. पहिल्या खेपेला दोन चाकांसाठी अख्खी सकाळ मोकळी ठेवा.

पॅडचा संच चारचा येतो, दोन्ही पुढच्या चाकांचा मिळून. एकाच चाकाचे बदलू नका, गाडी ब्रेकला एका बाजूला ओढेल. पॅड जिथे सरकतात तिथल्या पत्र्याच्या क्लिपा संचात आहेत का ते दुकानातच उघडून बघा, नसतील तर वेगळ्या मागा. रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस घ्या, दहा ग्रॅम पुष्कळ झालं. घरात पडलेलं बेअरिंगचं ग्रीस नको: खनिज तेलाने कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिनेवरचं रबर फुगतं आणि फुगलेलं रबर पिन धरून ठेवतं. याशिवाय ब्रेक क्लीनरचा एक डबा, तारेचा ब्रश, सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा), १२ आणि १४ ची गोटी (सॉकेट), १७ चा पातळ तोंडाचा पाना, हातभर बाइंडिंग वायर, मास्क आणि एक जॅक स्टँड. स्टँड नसेल तर काम सुरूच करू नका. गाडीबरोबर आलेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नसतो.

जागा सपाट आणि पक्की हवी. सोसायटीच्या तळघरातला उतार किंवा हलणारे पेव्हर ब्लॉक चालणार नाहीत. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग जॅक लावा, गाडी स्टँडवर टेकवा आणि काढलेलं चाक गाडीच्या दाराखालच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड सरकलाच तर गाडी चाकावर बसेल.

एका वेळी एकच बाजू उघडा. पॅड, क्लिपा, जीभ कुठल्या अंगाला होती हे विसरलात तर दुसरं चाक नमुना म्हणून शाबूत असतं. दोन्ही बाजू उघड्या असताना घरातल्या कुणी सहज पेडल दाबलं, तर कॅलिपरमधला पॅडला ढकलणारा पिस्टन बाहेर येऊन ब्रेक ऑइलची धार लागते, हेही आहेच.

स्टिअरिंग असं वळवा की कॅलिपरची पाठ तुमच्याकडे येईल. तिथे बोल्टच्या दोन जोड्या दिसतील. मोठे, साधारण १७ चे, ते ब्रॅकेटचे, म्हणजे कॅलिपर आणि पॅड धरणाऱ्या चौकटीचे. त्यांना हात लावायचा नाही. छोटे, १२ किंवा १४ चे, ते सरकत्या पिनांचे. खालचा छोटा बोल्ट सोडवा. बोल्टबरोबर पिनही फिरायला लागली तर पिनेच्या सपाट कडा १७ च्या पातळ पान्याने धरून ठेवा. बोल्ट निघाला की कॅलिपर वरच्या पिनेवर बिजागरीसारखा वर उचलता येतो. तो तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. कॅलिपर रबरी होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळू देऊ नका. होज बाहेरून धड दिसतो आणि आतून चिरतो.

जुने पॅड काढा, क्लिपा काढा. क्लिपांखालची ब्रॅकेटची बैठक तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. ही धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका; क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने ओली करून पुसा. नव्या क्लिपा बसवल्यावर पॅड बोटाच्या जोराने सरकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागत असेल तर खाली गंज राहिलाय.

आता पिना. वरचा छोटा बोल्टही सोडवून दोन्ही बाहेर ओढा, वाळलेलं ग्रीस पुसा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. भरपूर चोपडलं तर पिनेमागे हवा कोंडते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते. काही गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबराची बाही असते. तिची वर-खालची जागा बदलू नका.

पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्पने तो सावकाश आत दाबा. मध्येच बॉनेटखाली ब्रेक ऑइलच्या डब्याकडे बघा, का ते पुढच्या उत्तरात आहे. नवे पॅड लायनिंग डिस्ककडे करून बसवा. पॅड उलटा बसवणं हा विनोद वाटतो, पण पहिल्या खेपेला घडतं. ग्रीस लावायचंच असेल तर पॅडच्या क्लिपेत बसणाऱ्या कानांना आणि पाठीला, तेही पुसल्यासारखं. लायनिंगला ग्रीसचं बोट लागलं तर तो पॅड गेला, कारण लायनिंग ते शोषून घेतं.

पिनांचे बोल्ट साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटरला आवळतात. टॉर्क रेंच नसेल तर असं समजा: ३० न्यूटन-मीटर म्हणजे वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पंधरा किलोचा जोर. तो मनगटाचा असतो. खांदा लावून आवळणाऱ्याच्या हातून आटे जातात. चाकाचे नट मात्र ८५ ते ११० च्या घरात, समोरासमोरचे आळीपाळीने, आणि शेवटचं आवळणं चाक जमिनीला टेकल्यावर. पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा परत तपासा.

प्रश्न : वर्षभरात ब्रेक ऑइल हळूहळू कमी झालं म्हणून मी मॅक्सपर्यंत भरलं. आता पॅड बदलताना ते डब्यातून ओसंडलं आणि बॉनेटखालचा रंग सुटला. ऑइल गळत नव्हतं, मग कमी का झालं? (ठाणे)

उत्तर : ते कुठेही गेलं नव्हतं, कॅलिपरमध्ये होतं. पॅड झिजतो तसा पिस्टन पुढे येतो आणि त्याच्या मागची जागा ऑइलने भरते. हिशेब करून बघा. पिस्टनचा व्यास ५१ मिलिमीटर धरला, तर तो एक मिलिमीटर पुढे आला की दोन मिलीलीटर ऑइल लागतं. कॅलिपर सरकता असल्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही पॅडची झीज हा एकटा पिस्टनच भरून काढतो. दोन्ही पॅड सात-सात मिलिमीटर झिजले तर पिस्टन चौदा मिलिमीटर बाहेर, म्हणजे एका चाकाला २८ आणि दोन्हींना ५६ मिलीलीटर. पिस्टन मागे दाबल्यावर तेवढं सगळं डब्यात परत येतं.

म्हणून पातळी सावकाश मिनकडे जाताना दिसली तर आधी पॅड बघा, बाटली नंतर. महिन्याभरात उतरली तर मात्र गळती शोधा. पॅड बदलण्याआधी डबा काठोकाठ असेल तर इंजेक्शनच्या नव्या कोऱ्या सिरिंजने तीस-चाळीस मिलीलीटर काढून घ्या. रंगावर सांडलेलं ऑइल फडक्याने चोळू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ते पाण्यात विरघळतं.

झाकणावर ब्रेक ऑइलचा दर्जा म्हणून डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलंय तेच वापरा. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच प्रकरण आहे, नुसता पुढचा आकडा बघून ‘भारीतलं’ म्हणून ओतू नका.

प्रश्न : सगळं नीट बसवलं, गाडी मागे घेतली आणि ब्रेक लागलाच नाही. पेडल थेट जमिनीला. भिंतीला बंपर टेकला. कुठे चुकलं? (लातूर)

उत्तर : पेडल पंप करायचं राहिलं. पिस्टन पूर्ण आत दाबल्यावर पॅड आणि डिस्क यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट उरते. पहिल्या दाबाचं सगळं ऑइल ती भरण्यातच जातं. चाक लावून झालं की इंजिन बंद ठेवून पेडल दहा-पंधरा वेळा दाबा, ते टणक लागेपर्यंत. गाडी एक फूटही हलवायची ती त्यानंतर. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका, अर्ध्यापर्यंत पुरे. मास्टर सिलिंडरचा (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याचा) रोज न वापरला जाणारा टोकाचा भाग आतून खरखरीत झालेला असतो, तिथे रबर घासून फाटतं. मग इंजिन चालू करा. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) जागा झाला की पेडल थोडं खाली जातं, ते बरोबर आहे.

पंप करूनही पेडल पोकळच लागत असेल तर दोन गोष्टी बघा: पॅड क्लिपेत पूर्ण बसलाय का, आणि काम करताना ब्लीडरचा निपल (हवा काढायची कॅलिपरवरची तोटी) किंवा होज सैल होऊन हवा शिरली का. हवा शिरली असेल तर ब्लीडिंगशिवाय, म्हणजे ती बाहेर काढल्याशिवाय, गाडी बाहेर काढू नका.

पेडल टणक झाल्यावर नवे पॅड डिस्कवर रुळवून घ्यायचे असतात. रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने वेग कमी करा, पुन्हा ५० वर जा, थोडं अंतर हवेने थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. या दरम्यान गाडी पूर्ण थांबवून पेडल दाबून धरू नका, तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर एका जागी उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर शक्यतो करकचून ब्रेक नको.

प्रश्न : उजव्या चाकाचा आतला पॅड पत्र्याला आला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक. पॅड नकली असतील का? (नाशिक)

उत्तर : पॅडचा दोष क्वचित. कॅलिपर पिनांवर सरकला तरच बाहेरचा पॅड डिस्कवर ओढला जातो. पिन अडकली की सगळा भार आतल्यावर. हाताने पिन पुढे-मागे करून बघा. ती लोण्यातून सरकल्यासारखी गेली पाहिजे. एकच पिन अडकली असेल तर पॅड तिरका, पाचरीसारखा झिजलेला दिसेल. पिना ठीक असतील तर पिस्टन. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे घेणारी स्प्रिंग वगैरे काही नसते. त्याच्याभोवतीचं चौकोनी छेदाचं रबर दाबाने वाकतं आणि दाब गेला की सरळ होतं, तेवढाच काय तो पिस्टन मागे येतो. पिस्टन गंजला की ही केसभर हालचालही बंद पडते आणि आतला पॅड कायम घासत राहतो. पाच-सात किलोमीटर कमीत कमी ब्रेक वापरून चालवा आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न लावता तळवा धरा. एक चाक स्पष्ट जास्त तापलेलं असेल तर नव्या पॅडवर पैसे घालण्याआधी कॅलिपरचा सील किट (पिस्टनभोवतीची रबरं) बदलून घ्या.

प्रश्न : सी-क्लॅम्प लावूनही पिस्टन आत जात नाही. आणखी जोर लावू का? (कोल्हापूर)

उत्तर : नको. ब्लीडर निपलला पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा, निपल पाव फेरा सैल करा आणि पुन्हा दाबा. आता पिस्टन सहज गेला तर दोष होजमध्ये आहे. तो आतून सुजून झडपेसारखा झालाय, बदला. तरीही नाही गेला तर पिस्टन जाम. क्लॅम्प सोडण्याआधी निपल बंद करायला विसरू नका, नाहीतर हवा ओढेल. पिस्टनच्या तोंडावरचं रबरी बूट फाटलेलं दिसलं तर तेही जाम होण्याचं कारण समजा. तिथूनच पाणी आणि माती आत जाते.

प्रश्न : पावसाळ्यात पंधरा दिवस गाडी उभी होती. डिस्क लालभडक, गाडी निघताना ‘टक्’ असा आवाज. डिस्क बदलावी लागेल का? (मडगाव)

उत्तर : घासणाऱ्या भागावरचा लाल थर हा एका रात्रीचा गंज असतो, चार-सहा ब्रेकमध्ये निघून जातो. ‘टक्’ म्हणजे पॅड डिस्कला चिकटला होता, तो सुटला. हेही चालेल. किनारपट्टीवर खरी काळजी दोन ठिकाणी घ्यायची. पहिली, ब्रॅकेटची बैठक. तिथला गंज क्लिपेखाली फुगून पॅडला चिमटीत धरतो, मग पॅड मागे सरकतच नाही. दुसरी, पॅडचा पाठीचा पत्रा. गंज लायनिंग आणि पत्रा यांच्यामध्ये शिरतो आणि लायनिंग पापुद्र्यासारखं उचलतो. कडेने नखाएवढीही भेग दिसली तर लायनिंग आठ मिलिमीटर शिल्लक असलं तरी पॅड फेका. कोकण-गोव्यात आम्ही तर सांगू, दर पावसाळ्यानंतर पॅड काढून बैठक साफ करा, बदलायचे नसले तरी.

प्रश्न : पॅडबरोबर डिस्क लेथवर घासून घ्यायलाच हवी का? (पुणे)

उत्तर : नाही. डिस्क गुळगुळीत असेल आणि पेडल थरथरत नसेल तर तिला हात लावू नका, घासल्याने आयुष्यच कमी होतं. किमान जाडी डिस्कवरच ‘मिन टीएच’ अशा अक्षरांपुढे कोरलेली असते. मोजताना मात्र फसगत होते: डिस्कच्या काठाला न झिजलेली कड उभी असते, व्हर्नियर मोजपट्टीचे जबडे त्या कडेवर टेकतात आणि डिस्क नव्यासारखी जाड भरते. डिस्कच्या दोन्ही अंगांना एकेक नाणं धरा, नाण्यांसकट मोजा, मग दोन नाण्यांची जाडी वजा करा. पेडल थरथरत असेल तर लेथआधी हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि डिस्क यांच्यामधला गंज साफ करा आणि चाकाचे नट सारखे आवळा. बऱ्याच ‘वाकड्या’ डिस्क एवढ्यानेच सरळ होतात.

प्रश्न : आंबेनळी घाट उतरताना पोलादपूरच्या अलीकडे जळका वास आला, पेडल मऊ झालं, अर्ध्या तासाने पुन्हा ठीक. पॅड तर नवे आहेत. (सातारा)

उत्तर : पेडल मऊ होणं हे पॅडचं लक्षण नाही, उकळलेल्या ऑइलचं आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकावं लागतं. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच हद्द १४० वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. वास पॅडचा होता. लायनिंगचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल तर पॉलिश पेपरवर घासून खरखरीत करा, भेगा असतील तर बदला. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

प्रश्न : पॅडच्या कडेला ‘एफएफ’, ‘जीजी’ अशी अक्षरं असतात. जीजी चांगले ना? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पहिलं अक्षर थंड असतानाचा घर्षणांक सांगतं, दुसरं तापल्यावरचा. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. कंपनीने एफएफ दिलं असेल तर एफएफच घाला. पुढे जास्त पकड दिली की पुढच्या-मागच्या ब्रेकचा ठरवलेला तोल बिघडतो. पॅड किती टिकेल, धूळ किती पाडेल, आवाज करेल का, यातलं काहीच ही अक्षरं सांगत नाहीत.

प्रश्न : आमच्या एसयूव्हीला मागेही डिस्क आहेत आणि हँडब्रेकच्या जागी बटण आहे. मागचे पॅड याच पद्धतीने बदलू? (नागपूर)

उत्तर : नाही. त्या कॅलिपरमध्ये मोटर आणि स्क्रू असतो. स्कॅनरने किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने सर्व्हिस मोड लावून मोटर मागे घेतल्याशिवाय क्लॅम्प लावला तर तोच स्क्रू मोडतो आणि अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. तारेचा हँडब्रेक असलेल्या मागच्या डिस्कलाही पिस्टन बहुतेक वेळा दाबायचा नसतो, फिरवत आत न्यायचा असतो आणि त्याचं हत्यार वेगळं मिळतं. पुढचे पॅड मात्र वरच्या क्रमाने घरी बदलता येतील.